दहा दिवस खाटेवर, एक किलो स्नायू वजा

दंड वाकवून, मूठ आवळून ‘बघ, माझी बेटकुळी बघ’ म्हणणारे मूल बहुतेक मराठी घरांत एकदा तरी होऊन गेलेले असते. बेटकुळी म्हणजे छोटा बेडूक. कातडीखाली काहीतरी टुणकन वर येते, म्हणून बेडूक. रोमन लोकांना मात्र त्याच जागी उंदीर दिसला. इंग्रजीतला ‘मसल’ हा शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला, त्याचा अर्थ ‘छोटा उंदीर’ असा आहे. यात मराठी उपमा सरस म्हणायला हवी, कारण स्नायू कसा हलतो याचे पहिले धागेदोरे खरोखरच बेडकाने दिले. इटलीतील बोलोन्या येथे लुईजी गॅल्वानी यांनी मेलेल्या बेडकाच्या पायाला विजेचा धक्का दिला, की तो पाय झटका देतो, हे दाखवले आणि १७९१ मध्ये ते प्रसिद्ध केले. स्नायू आणि वीज यांचे नाते तेव्हापासून माहीत झाले.

नावांचा घोळ आपल्याकडेही आहे. सुश्रुतसंहितेत ज्यांना ‘पेशी’ म्हटले आहे आणि ज्यांची संख्या ५०० दिली आहे, ते आजचे स्नायू. तिथले ‘स्नायू’ वेगळेच, सांधे बांधून ठेवणारे बंध. ते ९०० सांगितले आहेत. आजच्या मराठी पाठ्यपुस्तकात ‘पेशी’ म्हणजे शरीराचा सूक्ष्म घटक आणि ‘स्नायू’ म्हणजे मांस. त्यामुळे आयुर्वेदाचा विद्यार्थी आणि विज्ञान शाखेचा विद्यार्थी एकाच शब्दावरून भांडू शकतात, आणि दोघेही बरोबर असतात.

हृदयाचा स्नायू आणि आतड्यांचे, रक्तवाहिन्यांचे स्नायू आपल्या हुकमात नाहीत. ते बाजूला ठेवले, तर हाडांना जोडलेले आणि इच्छेनुसार हलणारे स्नायू सहाशेहून अधिक आहेत. तरुण पुरुषाच्या वजनात त्यांचा वाटा साधारण ४० टक्के असतो, स्त्रियांमध्ये थोडा कमी. सर्वांत छोटा स्नायू कानाच्या आत असतो. त्याची लांबी सुमारे ६ मिलिमीटर. मोठा आवाज झाला की कानातल्या चिमुकल्या हाडाला आवरून धरणे एवढेच त्याचे काम. सर्वांत मोठा स्नायू कुल्ल्याचा. बसल्या जागेवरून उठताना आणि जिना चढताना शरीराचा भार तो उचलतो. हा स्नायू लक्षात ठेवावा, पुढे त्याची गाठ पडणार आहे.

स्नायूची रचना समजून घ्यायला काथ्याचा दोर डोळ्यांसमोर आणावा. जाड दोर उलगडला की त्यात पेड निघतात, पेड उलगडले की सुतळ्या आणि त्यांच्यात धागे. स्नायूचेही तसेच. वरून चिवट आवरण, आत तंतूंचे जुडगे आणि जुडग्यात एकेक स्नायुतंतू. हा तंतू केसापेक्षाही बारीक, पण कित्येक सेंटीमीटर लांब असू शकतो, आणि विशेष म्हणजे ही एकच पेशी असते. शरीरातील बहुतेक पेशींना एक केंद्रक असते. हिला शेकडो असतात. दोन्ही टोकांना स्नायू कंडरेत रूपांतरित होतो आणि कंडरा हाडाला घट्ट बसते. टाचेच्या मागे दोरीसारखी हाताला लागते ती अशीच एक कंडरा.

तंतूच्या आत आणखी बारीक तंतुक असतात आणि त्यांच्यावर सूक्ष्मदर्शकाखाली गडद-फिके पट्टे दिसतात. दोन पट्ट्यांमधला एक घर म्हणजे सार्कोमिअर. त्याची लांबी अडीच मायक्रॉनच्या आसपास. म्हणजे एका सेंटीमीटरमध्ये सुमारे ४ हजार घरे. प्रत्येक घरात दोन प्रकारच्या प्रथिनांच्या काड्या असतात, जाड मायोसिनच्या आणि बारीक अ‍ॅक्टिनच्या. स्नायू आखडतो तेव्हा या काड्या लहान होत असाव्यात, असे बराच काळ वाटत होते. १९५४ मध्ये ‘नेचर’च्या एकाच अंकात शेजारी-शेजारी दोन निबंध आले. एक अँड्र्यू हक्सली आणि रोल्फ नीडरगेर्के यांचा, दुसरा ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन यांचा. आडनाव सारखे असले तरी दोन्ही हक्सली एकमेकांचे नातेवाईक नव्हते. दोघांचा निष्कर्ष मात्र एकच होता. काड्या आखडत नाहीत, त्या एकमेकींत सरकतात. दोन्ही हातांची बोटे समोरासमोर धरून एकमेकांत सरकवली, की बोटांची लांबी तेवढीच राहते, पण मनगटे जवळ येतात, तसेच काहीसे.

सरकवण्याचे काम मायोसिनची मुंडकी करतात. एक मुंडके अ‍ॅक्टिनला धरते, ओढते, सोडते आणि पुढची जागा धरते. एका ओढीत होणारी हालचाल मिलिमीटरच्या लाखाव्या भागाच्या आसपास. अशा अब्जावधी ओढी एकाच वेळी चालतात, तेव्हा चहाचा कप ओठांपर्यंत येतो. धरण्यासाठी कॅल्शियम लागते आणि सोडण्यासाठी एटीपी हे इंधन. होय, इंधन सोडण्यासाठी लागते; अनेकांना हे उलटे वाटते. घरात मृत्यू झाला की जाणती माणसे लगेच मृताचे हात-पाय सरळ करतात, डोळे मिटतात, अंगठे बांधतात. काही तासांनी ते जमत नाही, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असते. श्वास थांबला की एटीपी तयार होणे थांबते, धरलेली मुंडकी सुटत नाहीत आणि अंग लाकडासारखे ताठ होते. पुढे प्रथिनेच विघटित होऊ लागली की ताठरपणा जातो.

स्नायूला हुकूम येतो तो मज्जातंतूकडून. मज्जातंतूचे टोक आणि स्नायू यांच्यात एक बारीक फट असते आणि निरोप ती फट अ‍ॅसिटिलकोलीन या रसायनाच्या रूपाने ओलांडतो. पावसाळ्यात ग्रामीण रुग्णालयात या फटीला जीवनमरणाचे महत्त्व येते. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. चावा इतका सौम्य असतो की अनेकदा जागही येत नाही. पहाटे पोट दुखते, उलटी होते, मग पापण्या जड होतात. घरचे म्हणतात, झोप झाली नसेल. प्रत्यक्षात विषाने त्या फटीतला निरोप तोडलेला असतो. पापण्यांनंतर जीभ, मान आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. रुग्णाला सगळे ऐकू येत असते, कळत असते, फक्त बोटही हलवता येत नाही. नागाचे विषही याच फटीवर हल्ला करते, मात्र पलीकडच्या काठावर. म्हणून झोपेतून उठलेल्या माणसाच्या दोन्ही पापण्या वर होत नसतील, तर दंश दिसो वा न दिसो, मांत्रिकाकडे न जाता थेट जिथे सर्पविषावरची लस आणि व्हेंटिलेटर आहे तिथे जावे.

सगळे स्नायुतंतू सारख्या स्वभावाचे नसतात. कोंबडीच्या तंगडीचे मांस लालसर आणि छातीचे पांढरे का, याचे उत्तर इथेच आहे. दिवसभर चालणाऱ्या, उभे राहणाऱ्या स्नायूंत मायोग्लोबिन हे प्राणवायू साठवणारे तांबडे प्रथिन भरपूर असते. हे तंतू संथ, पण न थकणारे. आळंदीहून निघालेल्या वारकऱ्याला पंढरपूरपर्यंत नेतात ते हेच. दुसरे तंतू जलद, जोरकस आणि लवकर दमणारे. ठेच लागून तोल गेला की पाय पटकन पुढे टाकून जे सावरतात, ते हे. वय वाढते तसे हे जलद तंतू आधी बारीक होतात आणि त्यांतले काही संपतात. म्हणूनच रोज सकाळी तासभर रमतगमत फिरणारे आजोबा मोरीत पाय सरकल्यावर स्वतःला सावरू शकत नाहीत. फिरण्याने संथ तंतू राखले जातात, जलद तंतूंना त्यातून फारसे काम मिळत नाही.

कामावरून आठवते ती गडाची गोष्ट. रायगड किंवा राजगड चढताना दम लागतो, पण दुसऱ्या दिवशी मांड्या ठणकतात त्या उतरण्यामुळे. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावत असतो, ब्रेक दाबून घाट उतरणाऱ्या ट्रकसारखा. या जोराने काही सूक्ष्म घरे विस्कटतात आणि दुरुस्तीच्या वेळी सूज, वेदना येते. दुखणे दोन-तीन दिवस टिकते. ‘लॅक्टिक अ‍ॅसिड साचले’ हे जिममध्ये नेहमी ऐकू येणारे स्पष्टीकरण बरोबर नाही. ते व्यायामानंतर तासाभरात निघून गेलेले असते. दुरुस्ती करतात त्या तंतूला चिकटून झोपलेल्या राखीव पेशी. अलेक्झांडर मॉरो यांनी त्या १९६१ मध्ये प्रथम दाखवल्या. विस्कटणे आणि दुरुस्ती या फेऱ्यातूनच स्नायू बळकट होतो. मात्र सवय नसताना भर उन्हात, पाणी न पिता, भरतीच्या तयारीसाठी एकाच दिवशी शरीर पिळून काढणाऱ्या तरुणांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. अंग भयंकर दुखून लघवीचा रंग काळ्या चहासारखा झाला, तर स्नायू मोठ्या प्रमाणावर फुटले आहेत आणि त्यांतले मायोग्लोबिन मूत्रपिंडात अडकते आहे. तिथे तासांचा हिशेब असतो.

स्नायू म्हणजे ताकद, एवढेच समीकरण लोकांच्या डोक्यात असते. पण तो शरीराचा सर्वांत मोठा साखरेचा कोठारही आहे. यकृतात सुमारे १०० ग्रॅम ग्लायकोजेन मावते, स्नायूंत ४०० ग्रॅमच्या आसपास. इन्सुलिनच्या हुकमाने रक्तातली जी साखर उचलली जाते, तिचा मोठा वाटा स्नायू उचलतात. शिवाय आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही साखर आत घेतो, म्हणून जेवणानंतर पंधरा मिनिटे चालल्याचा उपयोग ग्लुकोमीटरवर दिसतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी इंग्लंडमधील डॉ. जॉन युडकिन यांच्यासोबत २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचा बॉडी मास इंडेक्स एकच, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाट्याला दोघे सारखे, आतून मात्र एकात स्नायू जास्त आणि दुसऱ्यात चरबी. भारतीयांना सडपातळ दिसत असूनही मधुमेह का होतो, याचे इतके बोलके चित्र क्वचितच सापडेल. हे अंतर जन्मापासूनच सुरू होते, असे पुणे जिल्ह्यातील नवजात बाळांच्या अभ्यासातून पुढे आले. म्हणजे आपण मुळातच कमी भांडवलावर धंदा सुरू केलेला असतो.

आणि हे भांडवल कसे उडते, ते सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात वरचेवर दिसते. सत्तरीच्या आजी न्यूमोनियाने दाखल होतात. येताना नातवाच्या आधाराने का होईना, चालत आलेल्या असतात. आठ-दहा दिवसांत ताप उतरतो, एक्स-रे सुधारतो, सुट्टी लिहिली जाते. तेव्हा सून हळूच म्हणते, ‘‘डॉक्टर, आत्याबाई उठतच नाहीत. शौचाला बसल्या तर दोघींनी धरून उठवावे लागते. अजून दोन सलाईन लावा ना ताकदीच्या.’’ आजीचा आजार बरा झालेला असतो. गेलेला असतो तो कुल्ल्याचा आणि मांडीचा स्नायू.

२००७ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात निरोगी ज्येष्ठांना, सरासरी वय ६७, फक्त १० दिवस अंथरुणावर ठेवण्यात आले. कोणताही आजार नाही, जेवण नेमून दिलेले. तरी दहा दिवसांत पायांतले सुमारे एक किलो मांस कमी झाले आणि ताकदही लक्षणीय घटली. पन्नाशीनंतर स्नायू दरवर्षी साधारण एक टक्क्याच्या आसपास कमी होत असतात, हे धरले तर दहा दिवसांत माणूस कितीतरी वर्षे पुढे ढकलला गेला. आजारी माणसात तर हे आणखी वेगाने होते. जंतुसंसर्गाशी लढताना शरीराला लागणारी प्रथिने स्नायू मोडून मिळवली जातात. दुसरे गोदाम शरीराकडे नाही. त्यातच पथ्य म्हणून पेज, डाळीचे वरचे पाणी आणि चहा-बिस्कीट एवढेच दिले जाते. डाळीचे पाणी पाजायचे आणि खालची डाळ बाकीच्यांनी खायची, हा प्रकार तर अजब आहे. राहता राहिले ‘ताकदीचे सलाईन’. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत सुमारे २५ ग्रॅम साखर असते. प्रथिने शून्य. एका अंड्यात सहा ग्रॅम असतात.

या झिजेला आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये ‘सार्कोपेनिया’ असे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ मांसाचे दारिद्र्य. रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात अमेरिकेने त्याला स्वतंत्र क्रमांक दिला तो २०१६ मध्ये. तोपर्यंत तो ‘वयच झाले आता’ या सदरात मोडत होता, आणि आपल्याकडे अजूनही मोडतो. आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये सुचवलेल्या कसोट्या अगदी घरगुती आहेत. शिंप्याच्या टेपने पोटरीचा सर्वांत जाड भागाचा घेर मोजायचा. पुरुषात ३४ आणि स्त्रीत ३३ सेंटीमीटरपेक्षा कमी भरला तर शंका घ्यायची. हात छातीवर बांधून खुर्चीतून पाच वेळा उठायचे-बसायचे. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले, तर पायांत ताकद कमी आहे. पाय सुजलेले असतील तर पोटरीचे माप फसवे ठरते, एवढे मात्र ध्यानात ठेवावे.

गेलेला स्नायू परत येतो का? १९९० मध्ये बोस्टनमध्ये मारिया फियातारोन आणि सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमातल्या दहा जणांवर प्रयोग केला. सरासरी वय ९०. आठ आठवडे त्यांच्याकडून मांडीच्या स्नायूंसाठी वजनाचे व्यायाम करून घेतले, तेही हलके नव्हे, बऱ्यापैकी जड. ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे पावणेतीन पट झाली. दोघांनी काठी सोडली. पण व्यायाम थांबवल्यावर चारच आठवड्यांत मिळालेल्या ताकदीला मोठी गळती लागली, सुमारे ३२ टक्क्यांची. औषधाच्या गोळीसारखेच आहे हे. बंद केले की असर संपतो.

घरी त्यासाठी यंत्रे लागत नाहीत. भिंतीला टेकवलेली, न सरकणारी खुर्ची पुरते. दिवसातून तीन वेळा, जेवणाआधी, दहा वेळा उठबस करावी. जमेनासे असेल तर आधी हातांचा आधार घेऊन. ओट्याला धरून टाचा उचलाव्यात. रुग्णालयात ताप उतरू लागला आणि डॉक्टरांनी हरकत घेतली नाही, की जेवण खाटेवर आडवे पडून न घेता पाय खाली सोडून बसून घ्यावे. दिवसातून दोनदा वॉर्डाच्या दारापर्यंत जाऊन यावे. ‘आजी, जरा उठा, खिडकीपर्यंत जाऊ,’ हे वाक्य परिचारिकेने म्हणायला हवे, पण एकीच्या वाट्याला चाळीस रुग्ण असताना ते नातेवाइकांनाच म्हणावे लागते. बहुतेक नातेवाईक मात्र ‘पडून राहा, उठू नका’ असे प्रेमाने बजावत असतात.

प्रथिनांचा हिशेब सोपा आहे. आयसीएमआरच्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम पुरतात. ज्येष्ठांसाठी अनेक तज्ज्ञ १ ते १.२ ग्रॅम सुचवतात. ५० किलोच्या आजीला ५० ते ६० ग्रॅम. वाटीभर घट्ट वरण सहा-सात ग्रॅम, ग्लासभर दूध तेवढेच, मूठभर शेंगदाणे सात-आठ. पिठले, उसळ, अंडी, सुकट, दही यांतून हे जमते. उपवासाच्या दिवशी साबुदाण्यातून जवळपास काही मिळत नाही. मिळते ते खिचडीतल्या दाण्याच्या कुटातून. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी प्रथिने वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

सांधेदुखीसाठी बिनलेबलच्या पुड्या घेणाऱ्यांना एक वेगळाच धोका असतो. अशा काही पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले आढळते. दुखणे जादूसारखे थांबते, चेहरा गोल होतो, लोक ‘तब्येत सुधारली’ म्हणतात, आणि आत मांड्यांचे स्नायू झिजत जातात. जमिनीवरून उठता न येणे हे ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेत आणि थायरॉइडच्या विकारातही दिसते. त्यांवर स्वस्त तपासणी आणि उपचार उपलब्ध आहेत, म्हणून सगळे वयावर ढकलू नये.

अशक्तपणा तासांत किंवा दिवसांत आला असेल, तर खुर्चीचा व्यायाम हा उपाय नव्हे. एका बाजूचा हात-पाय अचानक गळाला, तर तो मेंदूचा झटका. दोन्ही पायांतून सुरू होऊन वर चढत जाणारा अशक्तपणा, आधी जुलाब होऊन गेलेले, हे चित्र २०२५ च्या जानेवारीत पुणेकरांनी गियाँ-बारे सिंड्रोमच्या साथीत पाहिले. तिथे स्नायू शाबूत असतो, बिघाड त्याच्यापर्यंत येणाऱ्या मज्जातंतूंत असतो. चालताना अडखळणारा माणूस दोन दिवसांत खोकताही येत नाही अशा अवस्थेला पोहोचू शकतो. एका श्वासात मोठ्याने वीसपर्यंत अंक म्हणायला सांगावे. आज वीस म्हणणारा उद्या बारावर अडखळला, तर श्वासाचे स्नायू दमू लागले आहेत, आणि अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात त्याच रात्री पोहोचायला हवे.